नावाची मुदत

ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटातल्या पिर्लिवाना वस्तीच्या दुकानात टपालाच्या खिडकीशी मार्लीन बसायची. ती हेक्टरची चुलतबहीण. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी हेक्टर पीठ आणि चहा घ्यायला आला, तेव्हा तिने त्याला हाताने खूण करून आत बोलावलं आणि टेबलाखालचं एक खोकं पायाने पुढे सरकवलं. खोक्यावर जुनी चादर टाकलेली होती.

"दादा, हे घेऊन जा आता. मला झोप लागत नाही त्याच्यापायी."

"काय आहे?"

"टपाल. तिचं."

हेक्टर एक पाऊल मागे सरला. मग त्याने चादरीचं एक टोक उचललं आणि पुन्हा खाली सोडलं. आत पाकिटांचा ढीग होता, सगळी पालथी घातलेली.

हेक्टरची बायको तिकडचा उन्हाळा संपता संपता, मार्चात, वारली होती. गेलेल्या माणसाचं नाव तिथे घेत नाहीत. त्या दिवसापासून वस्तीत तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं, आणि अजून काही वर्षं कुणी घेणार नव्हतं. तिला आणि ज्यांचं नाव तेच होतं त्यांना आता सगळे कुमांजायी म्हणत; घ्यायचं नसलेल्या नावाच्या जागी वापरायचा तो शब्द. शाळेतली एक मुलगी कुमांजायी झाली आणि दवाखान्यातली मेलबर्नची नर्सही. त्या नर्सला आधी वाटलं, ही वस्तीने दिलेली काही मानाची पदवी आहे. तिने आईला फोन करून तसं कळवलंही. पुढे कुणीतरी तिला समजावून सांगितलं, तेव्हा ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

हेक्टरने घर सोडलं होतं. माणसांनी ते हिरव्या डहाळ्यांनी झाडून काढलं, धूर दिला आणि बंद केलं. गाडी लांबच्या नातेवाइकांना दिली, भांडीकुंडी दिली. शेडवरच्या पाटीवर तिचं नाव होतं, त्यावर पांढरा रंग फासला. हेक्टर बहिणीच्या ओसरीत गादी टाकून राहत होता. हे सगळं कसं करायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पाकिटांचं काय करायचं ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण पाकिटाला पुढे खिडकी असते आणि खिडकीत नाव असतं.

"मी तुझ्यापुढे ते धरणार कसं?" मार्लीन म्हणाली. "आलं की उलटं करायचं आणि खोक्यात टाकायचं. लाइटबिल पण त्यातच असेल. रागावलास?"

"नाही."

"रागाव थोडा. मला बरं वाटेल."

"मी पण हेच केलं असतं," हेक्टर म्हणाला, आणि चादरीसकट खोकं उचललं.

पाकिटं लोरेनाने फोडली. ती त्याची मुलगी, शाळेत शिक्षिकेच्या हाताखाली काम करायची. तिने तपकिरी चिकटपट्टीचं रीळ आणलं, डोळे अर्धवट मिटून एकेका खिडकीवर पट्टी लावली आणि मगच पाकीट फाडलं. आतल्या कागदांवर नाव कुठे असणार हे तिला साधारण माहीत होतं. तिथेही आधी पट्टी लागायची, वाचन नंतर. दुपारपर्यंत निम्मं रीळ संपलं.

"बाबा, दोन कामाची आहेत," ती म्हणाली. "एक आपल्या कॉर्पोरेशनचं आहे. वर्षाचा अहवाल डिसेंबर संपायच्या आत पाठवायचा."

"दरवर्षी असतो तो. दुसरं?"

"मलमाच्या डब्यावरच्या नावाचं. त्याची मुदत संपते आहे. पहिली सूचना ऑगस्टातली आहे, ही शेवटची. शुक्रवारपर्यंत मुदत वाढवली नाही तर नाव रद्द."

"रद्द म्हणजे?"

"म्हणजे आपलं राहत नाही. ज्याला हवं त्याने घ्यावं."

हेक्टरने तो कागद हातात घेतला. मधोमध तपकिरी पट्टी होती. तिच्या वर आणि खाली काय लिहिलं होतं ते त्याने दोनदा वाचलं.

त्याची बायको रानातली पानं आणायची, तेलात उकळायची आणि सर्दीला, सांध्यांना लावायचं मलम करायची. आधी घरापुरतं, मग वस्तीपुरतं. मग ॲलिस स्प्रिंग्जच्या दुकानांतून मागणी आली आणि घरच्या मंडळींची कॉर्पोरेशन, म्हणजे नोंदलेली कंपनी झाली. पाच संचालक, दरवर्षी एक सभा, दरवर्षी एक अहवाल. ते सगळं तीच बघायची. ती बोट ठेवील तिथे हेक्टर सही करायचा. मलमाला नाव काय द्यायचं असा प्रश्न निघाला, तेव्हा तिचा भाऊ क्लिफर्ड म्हणाला होता, तुझंच दे की. शहरातून आलेल्या सल्लागारालाही ते पटलं. तिची आई तेवढी म्हणाली, जिवंत माणसाचं नाव डब्यावर घालू नका, माणूस गेलं की डब्यांचं काय करणार? सगळे हसले. तीही हसली. म्हाताऱ्या बायका असं बोलतातच.

आता उरलेले डबे शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून उभे होते. बायका मलम अजून करत होत्या, पण ते जॅमच्या रिकाम्या बाटल्यांत भरायच्या आणि वर काही लिहायच्या नाहीत.

नाव कोण घेणार हे हेक्टरला माहीत होतं. शहरात मॉरिस नावाचा एक कार्डिया होता. गोऱ्या माणसाला तिकडे कार्डिया म्हणतात. प्रवाशांसाठी त्याची दोन दुकानं होती, तिसरं विमानतळावर होणार होतं. इतकी वर्षं तोच सगळ्यात जास्त डबे घ्यायचा. माणूस वाईट नव्हता. पुरण्याच्या दिवशी तो एवढा लांब आला आणि दिवसभर टोपी काढून उन्हात उभा राहिला, नाक भाजून निघालं तरी. गेल्या महिन्यात त्याने क्लिफर्डला फोन केला होता. तुम्ही ते नाव वापरत नाही असं दिसतंय, सोडणार असाल तर मी रीतसर घेतो, माल तुमच्याच बायकांकडून घेईन, आणि तिची आठवणही राहील. हे तो मनापासून म्हणत होता. त्यांच्यात तसंच करतात. माणूस गेलं की त्याचं नाव पुलाला देतात, शाळेला देतात, बाकड्यावर कोरतात.

हेक्टर क्लिफर्डकडे गेला. क्लिफर्ड गाडीखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता. बाहेर फक्त पाय दिसत होते.

"नावाचं कळलं का?" हेक्टरने पायांना विचारलं.

"लोरेना सांगून गेली. जाऊ दे मेव्हण्या ते."

"कसं जाऊ दे?"

"घर सोडलंस, गाडी दिलीस. नाव कशाला धरतोस? धरून ठेवायचं नसतं. तुला काय मी सांगायला पाहिजे?"

"मी सोडलं की मॉरिस घेणार."

"घेऊ दे."

"विमानतळावर मांडेल. उंच ढीग करून, पुढे मोठ्या अक्षरांत. तू फुटबॉल बघायला डार्विनला निघशील तेव्हा समोरच असेल."

पाना थांबला.

"मी बसने जाईन," क्लिफर्ड म्हणाला.

"बसच्या थांब्यासमोरच त्याचं दुसरं दुकान आहे."

क्लिफर्ड सरपटत बाहेर आला. कपाळावर तेल होतं. "म्हणजे धरलं तरी वाईट आणि सोडलं तरी वाईट."

"हो."

"मग मला कशाला विचारतोस? म्हातारीला विचार."

हे सोपं नव्हतं. म्हातारी म्हणजे हेक्टरची सासू, आणि पिर्लिवानात जावई सासूशी बोलत नाही. तिच्याकडे बघत नाही. ती समोरून आली तर वाट सोडून उभा राहतो. तीही तेच करते. दोघंही कॉर्पोरेशनचे संचालक, त्यामुळे सभा भरायची ती अशी: बाकीचे झाडाखाली बसायचे आणि म्हातारी क्लिफर्डच्या गाडीत, मागच्या सीटवर, पाठ करून, दार उघडं ठेवून. मधे हेक्टरची बायको उभी राहायची. जावयाचं सासूला सांगायची, सासूचं जावयाला. दोघांना एकमेकांचा शब्दन् शब्द ऐकू येत असे, तरी ती पुन्हा सांगायची. इतक्या वर्षांत सभा एकदाही रद्द झाली नव्हती.

गुरुवारी सकाळी सभा भरली. शेडशेजारच्या झाडाखाली हेक्टर, क्लिफर्ड आणि मार्लीन बसले. मार्लीनही संचालक होती. पाचवी जागा रिकामी होती. गाडी आणून लावली होती, दार उघडं होतं, आत म्हातारीचं डोकं आणि लोकरीची टोपी दिसत होती. एवढ्या उन्हातही ती ती टोपी काढत नसे. मधे लोरेना उभी राहिली.

"आजीला सांग," हेक्टर गाडीकडे न बघता म्हणाला, "उद्या मुदत संपते."

"आजी, उद्या मुदत संपते."

"ऐकलं," म्हातारी म्हणाली. "त्याला विचार, नाही वाढवली तर?"

"बाबा, नाही वाढवली तर?"

"मॉरिस घेईल. डब्यांवर छापेल. सगळीकडे दिसेल."

लोरेनाने ते सांगितलं.

"मी सांगू का?" मार्लीन म्हणाली. "मुदत वाढवा, पण नाव बदलून कुमांजायी करा. डबेपण विकले जातील. नाहीतरी आता तिला सगळे तेच म्हणतात."

"आणि शाळेतल्या पोरीला?" क्लिफर्ड म्हणाला. "त्या नर्सला? माझ्या काकाला? उद्या मी मेलो की मलाही तेच म्हणणार तुम्ही. एका डब्यात सगळी मेलेली माणसं कोंबणार आहेस का?"

"तू मेल्यावर तुझं नाव कुणाला लागतंय? कर्जवाल्यांना?"

गाडीतून हसण्याचा आवाज आला. मग म्हातारी खोकली आणि गंभीर झाली.

"त्याला विचार, नाव ठेवलं की ते वापरावंच लागतं का?"

"बाबा, ठेवलं की वापरावंच लागतं का?"

"नाही. ठेवता येतं. पैसे भरायचे आणि ठेवायचं. दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही."

"डब्यावर न घालता?"

"डब्यावर न घालता. पाटीवरही नाही. फक्त त्यांच्या दप्तरात राहील."

एक कुत्रं गाडीखाली शिरलं आणि सावलीत पसरलं.

"म्हणजे दार लावून ठेवायचं," म्हातारी म्हणाली.

लोरेनाने हेही बापाला सांगितलं.

"हो," हेक्टर म्हणाला. "तसंच."

"किती दिवस?"

"तीन वर्षं. मग ते पुन्हा विचारतात."

"तीन वर्षांनी मी असेन का? आणि त्याचं काय खरं आहे, तोही म्हाताराच झाला. मग कोण बघणार?"

"मी बघीन आजी," लोरेना म्हणाली. हे तिला कुणी सांगायला सांगितलं नव्हतं.

"मग ठेवा. पण वस्तीत ते कुणी घ्यायचं नाही. घ्यायचे दिवस येतील तेव्हा मी सांगेन, नाहीतर माझ्या बहिणी सांगतील."

हेक्टरने हात वर केला, मार्लीननेही केला. क्लिफर्ड जमिनीकडे बघत होता.

"तुझं काय?" मार्लीनने विचारलं.

"मला हे पटत नाही," क्लिफर्ड म्हणाला आणि हात वर केला. "पण गाडीतल्या बाईच्या विरोधात गेलो तर आज मला जेवायला कोण घालणार?"

नोंदणी कार्यालयाला फोन लोरेनाच्या मोबाइलवरून लावला. तो तिने गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. आधी बराच वेळ नुसतं संगीत वाजत होतं. मार्लीन त्या तालावर बसल्या बसल्या खांदे हलवू लागली. मग एक बाई बोलायला लागली. आवाज तरुण होता.

"कोणत्या व्यवसायाच्या नावाबद्दल बोलायचं आहे?"

"नंबर सांगतो," हेक्टर म्हणाला, आणि लोरेनाने धरलेल्या कागदावरून नंबर वाचला.

"मिळालं. आपण कोण?"

"हेक्टर जुपुरुर्ला. संचालक आहे."

"संपर्कासाठी इथे दुसऱ्या व्यक्तीची नोंद आहे."

"ती वारली. माझी बायको."

"वाईट वाटलं ऐकून. मला तिच्या जागी आपली नोंद करावी लागेल. त्यांचं पूर्ण नाव सांगाल?"

"नाही."

बाई थांबली. "आपल्याला ठाऊक नाही का?"

"तीस वर्षं संसार केला. ठाऊक आहे. घ्यायचं नसतं. गेलेल्याचं घेत नाहीत आमच्यात."

"अच्छा," ती म्हणाली. टाइप करण्याचा आवाज आला आणि थांबला. "मग आपण असं करू. मृत्यूच्या दाखल्याचा नंबर आहे का? आणि त्यांची जन्मतारीख?"

लोरेनाने दोन्ही सांगितलं. पैसे कार्डावरून भरले. क्लिफर्ड मार्लीनच्या कानात म्हणाला, बरी आहे की पोरगी.

"आता शेवटचं," बाई म्हणाली. "मी एक निवेदन वाचून दाखवते. ते रेकॉर्ड होतं. ऐकून आपण हो म्हणायचं. पण, म्हणजे, त्यात नाव आहे. व्यवसायाचं, आणि त्यात त्यांचं."

लोरेनाने फोनकडे हात नेला.

"ते सोडून वाचा," हेक्टर म्हणाला.

"सोडलं तर आपण कशाला हो म्हणालात ते नोंदलं जात नाही. मी वरच्यांना विचारून बघते." पुन्हा संगीत वाजलं. यावेळी मार्लीनने खांदे हलवले नाहीत. बाई परत आली. "दुसरा मार्ग पोस्टाचा आहे. कागद पाठवते, आपण सही करून पाठवायचा."

"आमचं टपालाचं विमान सोमवारी येतं."

"मुदत उद्यापर्यंत आहे."

"ते माहीत आहे."

"बंद कर फोन," क्लिफर्ड म्हणाला. "आता हे जास्त होतंय."

"मी ऐकते बाबा," लोरेना म्हणाली. "मी लांब जाऊन ऐकते."

"तू संचालक नाहीस. तुझं हो चालणार नाही." हेक्टरने बॉनेटवरून फोन उचलला, मोठा आवाज बंद करायला लावला आणि कानाला धरला. "बाई, जरा थांबा. मी चालतोय."

तो शेडवरून गेला, पाण्याच्या टाकीवरून गेला. दोन कुत्री मागे लागली. वस्तीचं कुंपण संपतं तिथे तारेखालून वाकून तो पलीकडे गेला आणि आणखी थोडा चालला. पुढे काटेरी गवत होतं आणि त्यापुढे काही नव्हतं. मागे वळून त्याने बघितलं. झाडाखालची माणसं लहान दिसत होती.

"हं," तो म्हणाला. "वाचा."

तिने वाचलं. आधी तारीख, मग त्याचं नाव, मग नंबर. मग ते नाव आलं. ते तिने हळू, सावकाश घेतलं आणि पुढच्या शब्दांवर गेली.

उन्हाळ्यानंतर त्याने ते ऐकलं नव्हतं. नाव घेतलं की गेलेलं माणूस वळून बघतं, मग त्याला पुढे जाता येत नाही, असं जाणती माणसं सांगतात. हेक्टर उभा राहिला. वारा होता तसाच होता. एक कुत्रं बसलं आणि मागच्या पायाने कान खाजवू लागलं. बाईचं वाचून झालं होतं आणि ती थांबली होती.

"ऐकू येतंय ना?" तिने विचारलं.

"येतंय."

"आपण हो म्हणायला हवं."

"हो."

"झालं. तीन वर्षांसाठी नोंद झाली. पावती मेसेजवर येईल." मग ती म्हणाली, "मी ते पुन्हा कुणापुढे घेणार नाही. माझं काम झालं."

"बरं," हेक्टर म्हणाला. आभार मानायचे राहिले, हे त्याला फोन बंद झाल्यावर सुचलं.

परत यायला त्याला जायला लागला त्याहून जास्त वेळ लागला. मार्लीनने मगमध्ये चहा ओतून त्याच्यापुढे ठेवला. तो गाडीकडे पाठ करून उभा राहिला.

"आजीला सांग, झालं."

"आजी, झालं."

"ऐकलं," म्हातारी म्हणाली. क्लिफर्ड उठायला लागला, तेवढ्यात ती म्हणाली, "लोरेना, त्याला विचार. त्या बाईने नीट घेतलं का?"

लोरेना बापाकडे वळली. "बाबा, तिने नीट घेतलं का?"

हेक्टरच्या हातात मग होता. तो त्याने दुसऱ्या हातात घेतला.

"नीट घेतलं म्हणावं."

"नीट घेतलं, आजी."

"ओरडून?"

"नाही. हळू."

"बरं," म्हातारी म्हणाली. "मग ठीक आहे." तिने टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि डोक्यावरून हात फिरवला. केस अजून आखूड होते. दुखवट्यात कापले होते ते पुरते वाढले नव्हते. लोरेना गाडीपाशी गेली आणि दाराला टेकून उभी राहिली. हेक्टरने गाडीकडे बघितलं नाही.

चहा संपल्यावर मार्लीन म्हणाली, "अहवालाचं राहिलं. पाचवा संचालक भरायचा आहे. भरल्याशिवाय पाठवता येत नाही."

"लोरेनाला घाला," क्लिफर्ड म्हणाला. "नाहीतरी सगळं तीच करतेय. आणि त्या फोनच्या भानगडीत दर वेळी हेक्टरला कुंपणापर्यंत कशाला पळवायचं?"

"तुला चालेल का गं?" मार्लीनने विचारलं.

"चालेल."

"मग पूर्ण नाव सांग. मोठ्याने. लिहून घेते."

लोरेनाने पूर्ण नाव सांगितलं. मार्लीनने ते लिहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. झाडाखाली तीन हात वर झाले. गाडीच्या उघड्या दारातून चौथा बाहेर आला, आणि मार्लीनने मोजून झालं असं सांगेपर्यंत तसाच राहिला.